लेकरू गप्प झालंय, आळशी झालेलं नाही

पौर्णिमेची वंदना झाली, खीर वाटून झाली, बायका-पोरे घरी निघाली. एक ताई तेवढ्या मागे थांबल्या. त्यांचा थोरला पंधरा वर्षांचा, दहावीला आहे. "पोरगं बिघडलंय हो. बोलायला गेलं की अंगावर येतं. कॅरम सोडला, मित्र सोडले, भिंतीकडे तोंड करून पडून असतं. त्याचे वडील म्हणतात, आळस भरलाय." कधीपासून, असे आम्ही विचारले. म्हणाल्या, "सहामाहीपासून." म्हणजे दोन महिने झाले होते.

या वयात मन खट्टू होते आणि दोन दिवसांनी निवळतेही. पण उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली, झोप उडाली किंवा दिवसभर झोपच येऊ लागली, जेवण सुटले, आवडीचे खेळ नकोसे झाले, अभ्यासात लक्ष लागेना, तर ते नैराश्य असू शकते. त्यालाच आपण डिप्रेशन म्हणतो. मोठ्या माणसाचे नैराश्य डोळ्यांतून वाहते, पोरांचे पुष्कळदा रागातून बाहेर पडते. मुली सारखे डोके किंवा पोट दुखते म्हणतात आणि आपण ओव्याची फक्की देऊन मोकळे होतो.

कारण एकच नसते. घराण्यात हा आजार असू शकतो. बापाचे पिणे, एखाद्याचे जाणे, परीक्षेची धास्ती, वर्गात जातीवरून मारलेला टोमणा, ही सगळी ओझी लेकरू मुकाट्याने वाहते. टोमण्याचे तर ते घरी सांगतही नाही. आईबापाला वाईट वाटेल, ही त्याची काळजी!

आणि येथे आम्हाला आपल्याच घरांविषयी बोलायचे आहे. मूल पडून दिसले की आपण भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवतो. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि तू?" आम्हीही हे वाक्य आमच्या मुलांना ऐकवले आहे. आजारी मनाला ते काठीसारखे लागते. १९२६ साली लाडका राजरत्न गेला तेव्हा याच बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात आपले दुःख झाकून ठेवले नाही, हे आपण मुलांना कधी सांगतो? तथागतांनीही आधी दुःख आहे हे मान्य करायला शिकवले, मग त्याचे कारण शोधायला. तरी आपल्यातली काही माणसे आजही 'बाहेरचं' म्हणून देवऋषाकडे धावतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत हे शोभत नाही, आणि त्यात आजाराचे महिने वाया जातात.

मुलाला चारचौघांत विचारू नका. दहा बाय बाराच्या खोलीत एकांत कुठला? दळण आणायला सोबत न्या, गच्चीवर बसा. उपदेश न करता ऐका. "मी नसतो तर बरं झालं असतं," असे तो बोलला तर ते नाटक समजू नका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन हलके होते. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे ठेवू नका, घरातली औषधे आणि उंदराचे औषध कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. मुंबईत केईएम, सायन, जे. जे. येथे आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा सुरू आहे. १४४१६ हा नंबर लावला की दिवसा-रात्री, मराठीतून, फुकट बोलता येते. गोळ्या लागतीलच असे नाही. सौम्य आजार पुष्कळदा बोलण्याच्या उपचारानेही बरा होतो. गोळ्या दिल्याच, तर गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत मुलावर जास्त लक्ष ठेवावे, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

त्या ताईंनी केस पेपर काढला. पहिल्या खेपेला मुलगा डॉक्टरांपुढे एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या खेपेला वडिलांनी कामावर खाडा केला आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मुलगा आत अर्धा तास होता. आता दर पंधरा दिवसांनी तिघे जातात. शाळा सुरू झाली आहे. कॅरमला मात्र अजून हात लावलेला नाही.