न संपणारा खेळ

आट्यापाट्या, हुतुतू, विटीदांडू या आपल्या खेळांच्या अंगीं एक मोठा गुण होता : ते संपत असत. अंधार पडला, गडी थकले, घरून हांक आली, कीं डाव मोडे. मालाडच्या चाळींतून व इमारतींतून आज जो खेळ मोबाइलच्या पडद्यावर चालतो, त्याला संध्याकाळच नाहीं. एक गडी झोपावयास गेला, तरी दुसरा कोठून तरी हजर असतो.

दुसरें कारण बक्षिसाच्या रीतीचें. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें कबुतरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, दाणा कितव्या टोचीला मिळेल हें अनिश्चित असलें, म्हणजे पक्षी अधिक चिकाटीनें चोंच मारीत राहतो, आणि दाणा बंद झाल्यावरहि लवकर थांबत नाहीं. ऑनलाइन खेळांतील बक्षिसांची वांटणी पुष्कळदां याच रीतीनें केलेली असते. पैसे लावून खेळण्यांत हरलेली रक्कम परत मिळविण्याची आशा तींत भर घाली. त्या डावांवर बंदी घालणारा कायदा संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें संमत केला. परंतु पैशाविना खेळल्या जाणाऱ्या डावांची ओढ कायद्यानें सुटणारी नव्हे.

मात्र खेळणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचींत या विकाराचीं तीन लक्षणें दिलीं आहेत : खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रस्थान मिळणें, आणि नुकसान दिसत असूनहि तो चालूच ठेवणें. ही स्थिति सामान्यतः बारा महिने टिकून घर, शिक्षण वा नोकरी यांची मोठी हानि होत असेल, तरच तो विकार समजावा.

जून २०२२ मध्यें मालाड परिसरांत सोळा वर्षांच्या एका मुलानें, खेळण्यावरून आईनें मोबाइल काढून घेतल्यानंतर, जीव दिला, असें वृत्त पोलिसांच्या हवाल्यानें प्रसिद्ध झालें. अशा घटनेस एकच कारण कधींहि नसतें, आणि त्या माउलीस दोष देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. परंतु ज्याचे मित्र व मान दोन्ही त्या पडद्यांत गुंतलीं आहेत, त्याच्या हातून तो एकाएकीं हिरावणें हा उपाय नव्हे, एवढें आपण ओळखलें पाहिजे.

उपाय हळूहळू करावयाचा. खेळाची वेळ मुलाशीं बोलून ठरवावी. रात्रीं घरांतील सर्वांचेच मोबाइल, वडिलांचाहि, एका जागीं ठेवावे. रिकाम्या झालेल्या वेळेस मैदान, सोबती किंवा आवडीचें काम द्यावें. मूल जीव नकोसा झाल्याचें बोलूं लागलें, तर विलंब न करतां मानसोपचारतज्ज्ञांस भेटावें. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व मोफत चालतो. ज्या खेळाला स्वतःची संध्याकाळ नाहीं, त्याला ती घरानेंच, पण मायेनें, नेमून द्यावी लागते.