बाहुलीचे केस बदलून द्यायचे किती घ्याल?



बाहुलीचे केस बदलायचे कसे, ते व्हिडिओत पाहिलंत. आता बोलूया पैशांबद्दल, कारण या कामात हात बसतो पण हिशोब चुकतो.

बार्बी बाजारात आली 1959 साली. उंची जेमतेम साडेअकरा इंच. 1992 साली पायापर्यंत केस असलेली 'टोटली हेअर' बार्बी आली आणि तुफान खपली. मुलांना बाहुलीचे केस विंचरायचेच असतात. म्हणून सगळ्यात आधी खराब होतात तेही केसच. बाकी बाहुली धडधाकट असते. आपलं काम तिथेच सुरू होतं.

आधी विचारा: बदलायची खरंच गरज आहे का?
नुसता गुंता असेल तर केस धुवा, कंडिशनर लावा, टोकाकडून मुळाकडे सावकाश विंचरा. हे वेगळं काम, त्याचा दर वेगळा आणि कमी.

बदलायचेच असतील तर:
1. डोकं गरम पाण्यात धरून मऊ करा, मग हलकेच काढा. थंड असताना ओढलं तर मान तुटू शकते.
2. जुने केस मुळाशी कापा. आत उरलेली मुळं चिमट्याने काढा.
3. रूटिंगच्या सुईने एकेका छिद्रात नवी बट भरा. कपाळाची रेषा आणि भांग दाट हवा, नजर तिथेच जाते.
4. डोक्याच्या आतून गोंद लावा. पूर्ण सुकल्याशिवाय कंगवा लावू नका.

केस नायलॉनचे किंवा सरानचे घ्या. नायलॉन मऊ आणि चमकदार, सरान थोडं जड, त्यामुळे खाली छान बसतं.

आता हिशोब. समजा, केस, गोंद, सुई मिळून 150 रुपये लागले. काम 7 तासांचं. तासाला 80 रुपये धरले तर मजुरी 560. झाले 710. त्यावर 20 टक्के नफा, म्हणजे साधारण 850. बरेच जण 150 चा माल बघून 300 रुपये सांगतात आणि खूश होतात. पण मग तुमच्या तासाला 22 रुपयेसुद्धा पडत नाहीत!

ग्राहक म्हणेल, "एवढ्यात नवीन बाहुली येईल की!" बरोबर आहे त्याचं. ज्याला फक्त खेळणं हवंय, तो आपला ग्राहकच नाही. आपला ग्राहक म्हणजे लहानपणीची बाहुली जपून ठेवलेली ताई, हव्या त्या रंगाचे केस मागणारा हौशी माणूस. त्यांना नवीन बाहुली नकोच असते, त्यांना *तीच* हवी असते.

तीन नियम पाळा:
• काम घेण्याआधी फोटो काढा आणि अर्धे पैसे आगाऊ घ्या.
• बाहुली जुनी, संग्रहातली असेल तर आधीच सांगा की मूळ केस काढले की तिची किंमत घटू शकते.
• बाहुली विकताना 'केस बदललेले आहेत' असं स्पष्ट लिहा. कंपनीचं नाव किंवा लोगो आपल्या दुकानाच्या नावात वापरू नका.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातली एक जुनी बाहुली घ्या, शेजारी घड्याळ ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते वहीत लिहा. तो आकडा हातात येईपर्यंत कोणालाही दर सांगू नका. दुकानातून आणलेले केस स्वस्तच असतात हो, महाग असतो तो तुमचा वेळ!