विश्लेषण : कबड्डीत टाळ्या चढाईला, पण सामना पकडीवर का ठरतो?

तुंगार्ली, लोणावळा किंवा मावळातले कुठलेही गाव घ्या. कबड्डीचा सामना रंगला की टाळ्या चढाईपटूला पडतात. साहजिकच नव्या मुलांनाही चढाईच शिकायची असते. पण गेल्या काही वर्षांतील निकाल वेगळेच सांगतात.

बचावफळीची रचना कशी असते?

सात जणांत दोन टोकांना कोपरारक्षक उभे राहतात. त्यांच्या शेजारी ‘इन’, मग दोन कव्हर आणि मधोमध सेंटर. कोपरारक्षक बहुधा पाय धरतो, कव्हर धडक किंवा ब्लॉक करून परतीची वाट अडवतो. एकाने घाई केली, दुसरा मागे राहिला, की साखळी तुटते आणि चढाईपटू मध्यरेषा गाठतो.

चढाईपटूला या फळीची गरज का?

कारण नियमातच आहे. बाद झालेला चढाईपटू बाहेर बसतो. प्रतिस्पर्ध्याची पकड झाली की एक गुण मिळतो आणि बाद झालेला एक खेळाडू क्रमाने आत येतो. म्हणजे संघाचा हुकमी एक्का पुन्हा मैदानात आणण्यात पकडीचा मोठा वाटा असतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेल्या पकडीला, म्हणजे ‘सुपर टॅकल’ला, दोन गुण असतात. लोण पडायच्या बेतात असलेला संघ त्यावर सावरतो.

निकाल काय सांगतात?

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाखांना घेतले. त्याने पकडीचे 99 गुण मिळवले. 1 मार्च 2024 रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिले विजेतेपद पटकावले. पुढच्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला आणि विजेतेपदही तिकडेच गेले. 29 डिसेंबर 2024 रोजी पुण्यातील बालेवाडीत हरियाणाने पाटणा पायरेट्सचा 32-23 असा पराभव केला. त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण मिळवणारा देवांक पाटण्याकडेच होता.

अन्य खेळांतही असेच आहे?

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे पाच धिप्पाड खेळाडू भिंत करतात. गुणफलकावर त्यांची नावे क्वचितच येतात, पण ती भिंत कोसळली तर चेंडू फेकायला वेळच मिळत नाही. म्हणून तिथे 2015 पासून सर्वोत्तम फळीला जो मूर पुरस्कार दिला जातो. तो एका खेळाडूला नव्हे, संपूर्ण फळीला मिळतो.

गावातल्या संघांनी काय करावे?

सरावाचा निम्मा वेळ पकडीला द्यावा. कोपरा आणि कव्हर यांची जोडी वारंवार बदलू नये, कारण एकमेकांचा अंदाज सोबत खेळूनच येतो. पायाची पकड शिकवताना आधी तोल आणि पडण्याची पद्धत शिकवावी, नाहीतर गुडघा दुखावतो. आणि सामन्यानंतर पाठ थोपटताना कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोरालाही विसरू नये.