सुटकेचं विकर: न्युरामिनिडेजच्या शोधाचा मागोवा

१९४१ साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट यांनी कोंबडीच्या अंड्यात वाढवलेला फ्लूचा विषाणू तांबड्या रक्तपेशींत मिसळला, तेव्हा पेशींचे पुंजके झाले. पुढच्या वर्षी याहून नवलाची गोष्ट दिसली. शरीराच्या तापमानाला ठेवले की ते पुंजके आपोआप सुटत. सुटलेला विषाणू ताज्या पेशींना पुन्हा चिकटे. पण सुटलेल्या पेशींना नवा विषाणूही धरू शकत नसे. म्हणजे जाता जाता तो पेशीवरची धरायची जागाच नष्ट करत होता. हे काम एखाद्या विकराचं असावं, असं हर्स्ट यांनी ओळखलं.

मेलबर्नमध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांच्या गटाला तसंच विकर कॉलऱ्याच्या जिवाणूंत सापडलं. जर्मनी सोडून तिथे आलेले रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड गॉटशाल्क यांनी त्याच्या कामाचा उलगडा केला: पेशीवरच्या शर्करांच्या टोकाचं सायलिक आम्ल ते छाटतं. १९५७ साली त्याला न्युरामिनिडेज हे नाव मिळालं.

पण ज्या आम्लाला धरून आत शिरायचं, तेच तोडणारं विकर विषाणूने अंगावर का बाळगावं? १९७४ साली पीटर पालेसे आणि सहकाऱ्यांनी हे विकर निकामी झालेले विषाणू तपासले. नवे विषाणू तयार होत. पण पेशीला आणि एकमेकांना चिकटून तिथेच अडकत. विषाणूवरचं दुसरं प्रथिन, हिमॅग्लुटिनिन, पेशीला पकडतं; न्युरामिनिडेज सोडवतं. संसर्ग पसरतो तो या दोघांच्या तोलावर.

औषधाची वाट इथूनच निघाली. ग्रॅम लेव्हर यांनी विकराचे स्फटिक बनवले आणि पीटर कोलमन व जोस वर्गीस यांनी १९८३ साली त्याची रचना उलगडली. विषाणू वरचं रूप सतत पालटतो. आम्ल तोडणारी खाच मात्र जवळपास तशीच राहते. त्या खाचेत नेमका बसणारा रेणू मार्क फॉन इत्झस्टाइन यांच्या गटाने घडवला. तो रेणू म्हणजे झानामिवीर. १९९९ साली तो आणि त्याच खाचेत बसणारं ओसेल्टामिवीर ही औषधं बाजारात आली.

२००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा ओसेल्टामिवीरचं ‘टॅमिफ्लू’ हे नाव घराघरांत पोचलं. औषधाच्या मर्यादाही त्याच सुमारास दिसल्या. त्याआधीच्या हंगामी एच१एन१ फ्लूच्या विषाणूत विकरातलं एक अमिनो आम्ल बदलताच ओसेल्टामिवीर निष्प्रभ ठरू लागलं होतं. २०१४च्या कोक्रेन आढाव्यानुसार प्रौढांचा त्रास त्याने सरासरी १७ तासांनीच कमी होतो. लवकर, शक्यतो लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तरच ते नीट उपयोगी पडतं.

विकराचं काम फक्त निरोपाचं नाही, हेही आता कळलं आहे. श्वासनलिकेतल्या चिकट स्रावातही सायलिक आम्ल असतं; त्यातून पेशीपर्यंत वाट काढायला हेच विकर लागतं. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडंही आपलं रक्षण करतात. तरीही नेहमीच्या लशींत मात्रा मोजून ठरवतात ती हिमॅग्लुटिनिनची. न्युरामिनिडेज किती असावं याचं बंधन नाही. विषाणूच्या येण्याजाण्याच्या दोन्ही वाटा ज्याच्या हाती आहेत, त्याला लशीत मोजूनमापून जागा द्यायलाच हवी.