बुद्ध मांस खायचे का? धर्मानंद कोसंबींच्या उत्तराने मराठीत वाद पेटला होता

श्रावण आला की सोशल मीडियावर मांसाहाराचा वाद ठरलेला. एक जण लिहितो, 'आपले पूर्वज शाकाहारीच होते'. दुसरा खाली जुन्या ग्रंथाचा स्क्रीनशॉट टाकतो. हाच वाद 1940च्या दशकात मराठीत झाला होता, तोही मूळ ग्रंथांचे पुरावे मांडून. तो ज्यांच्यामुळे झाला, त्या धर्मानंद कोसंबींनी वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्राम आश्रमात अखेरचा श्वास घेतला.

कोसंबी मूळचे गोव्याचे. बौद्ध धर्म शिकायला घर सोडून श्रीलंकेपर्यंत गेले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं. 1940-41 मध्ये त्यांचं 'भगवान बुद्ध' आलं. त्यात मांसाहारावर अख्खं प्रकरण आहे.

बुद्धांना शेवटचं जेवण पावा गावच्या चुंद लोहाराने दिलं. पदार्थाचं नाव 'सूकरमद्दव'. कुणी त्याला अळंबी म्हणतं. जुन्या पाली टीकेत डुकराचं मांस असा अर्थ आहे, कोसंबींनी तोच धरला. भिक्षूंचा नियमही तसाच होता: आपल्यासाठी जनावर मारल्याचं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली, तर ते मांस घ्यायचं नाही. एरवी भिक्षेत पडेल ते खायचं.

यज्ञातल्या कत्तलीला मात्र बुद्धांचा उघड विरोध होता. कोसलच्या पसेनदी राजाच्या यज्ञाचं वर्णन पाली ग्रंथांत आहे. 500 बैल खांबाला बांधलेले आणि राबणारे नोकर रडतायत. (जनावरांच्या दयेने नव्हे, दंडुक्याच्या भीतीने!)

खरा भडका पुढच्या दाव्याने उडाला. प्राचीन जैन साधूही भिक्षेतलं मांस घेत, असं कोसंबींनी जैन ग्रंथांतल्याच उताऱ्यांवरून मांडलं. जैन अभ्यासकांनी ते खोडून काढलं. त्यांच्या मते तिथे 'मांस' म्हणजे फळाचा गर आणि 'हाड' म्हणजे बी. निषेध झाला, पण कोसंबी मागे हटले नाहीत.

आता यातली गंमत बघा. जैनांचा रोष ओढवलेल्या याच माणसाने जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह या चार व्रतांवर आदराने पुस्तक लिहिलं. शरीर थकल्यावर जैनांच्या सल्लेखनेसारखं अन्न सोडलं. 1946 मध्ये गांधीजींच्या आग्रहाने थांबले, पण पुढच्या वर्षी सेवाग्रामला पुन्हा उपवास धरला. 4 जून 1947 रोजी ते गेले. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजी त्यांच्याविषयी बोलले. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे ते पुस्तक 1949 मध्ये, त्यांच्या मागे छापलं गेलं.