कातकरी भाषेचे कुळ कोणते?

कर्जत तालुक्यात कशेळ्याहून खांडसकडे जाताना किंवा खालापुरात खोपोलीहून पेणच्या वाटेने वावोशीकडे जाताना रस्त्यापासून जरा आत कातकरी वाड्या लागतात. बाहेरच्या माणसाशी तिथले लोक मराठीत बोलतात. वाडीत आपसात चालणारे बोलणे मात्र शेजारच्या आगरी-कुणबी गावातल्या माणसालाही पुरते कळत नाही. शाळेत नव्याने आलेल्या शिक्षकाला तर सुरुवातीला अंदाजानेच काम भागवावे लागते. ही कातकरी भाषा. ती मराठीची बोली, कोकणीची बहीण, की भिलीच्या गोतातली? हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ कागदावर आहे आणि प्रत्येक कागद त्याचे वेगळे उत्तर देतो.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ स्टेन कोनो यांनी सिद्ध केलेला हा खंड मराठीचा आहे. कातकरी त्यांनी याच खंडात वारली, सामवेदी, वाडवळ यांच्या शेजारी ठेवली आणि उत्तर कोकणातल्या या बोलींचा गुजराती-भिलीशी असलेला लागाबांधाही नोंदवला. जगातल्या भाषांची ‘एथ्नोलॉग’ ही प्रसिद्ध यादी कातकरीला ‘केएफयू’ हा स्वतंत्र संकेत देते आणि तिला वारलीबरोबर कोकणी गटात बसवते. आपली जनगणना वारली आणि कोकणा या दोघींना ‘भिली/भिलोडी’ या मथळ्याखाली मोजते. कातकरीला तर तिच्या यादीत स्वतंत्र ओळच नाही. वारली एका ठिकाणी मराठी, दुसऱ्या ठिकाणी कोकणी, तिसऱ्या ठिकाणी भिली ठरते आणि कातकरी एका ठिकाणी चक्क नाहीशी होते. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात कातकरी समाजाची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार आहे. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांत हा समाज मोडतो. एवढ्या लोकांच्या भाषेचा पत्ता असा अधांतरी राहावा, हे मला फार खटकते.

भाषेचे कुळ ठरवायचे कसे, याचा सगळ्यात मोठा धडा आफ्रिकेने दिला आहे. नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेपासून दक्षिण आफ्रिकेच्या टोकापर्यंत सुमारे ५०० भाषांचे एक विशाल कुटुंब पसरले आहे. त्याला ‘बांटू’ हे नाव विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकाने रूढ केले. केपटाऊनमध्ये काम करताना १८६२ मध्ये त्याने दक्षिण आफ्रिकी भाषांच्या तौलनिक व्याकरणाचा पहिला भाग छापला. या भाषांत माणसाला काय म्हणतात ते पाहावे. झुलूत ‘उमुंटू’ आणि अनेकवचनी ‘अबांटू’, मलावीच्या चेवा भाषेत ‘मुंथू’ आणि ‘अंथू’, मोझांबिक-टांझानियाच्या याओ भाषेत ‘मुंडू’ आणि ‘वांडू’, स्वाहिलीत ‘म्टू’ आणि ‘वाटू’. शब्द सारखे आहेत, पण महत्त्वाचे आहेत ते त्यांतले फरक. झुलूत जिथे ‘ंट’ आहे तिथे याओत ‘ंड’ आणि स्वाहिलीत अनुनासिक गळून नुसता ‘ट’. हा फरक एका शब्दापुरता असता तर योगायोग म्हणून सोडून देता आला असता. तो शब्दामागून शब्दात त्याच नियमाने येतो, म्हणूनच या भाषांचा पूर्वज एक होता असे म्हणता येते. कार्ल माइनहोफ यांनी १८९९ मध्ये अशा नियमांच्या आधारे त्या मूळ भाषेचे ध्वनीही पुन्हा मांडून दाखवले.

दुसरा पुरावा व्याकरणाचा आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. बांटू भाषांत नामांचे वर्ग असतात. नामाच्या आरंभी वर्गाचा उपसर्ग लागतो आणि विशेषणालाही तोच जुळवून घ्यावा लागतो. स्वाहिलीत चांगली खुर्ची म्हणजे ‘किटी किझुरी’, चांगल्या खुर्च्या म्हणजे ‘विटी विझुरी’. आपल्याकडे ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ असा मेळ शेवटी बसतो, तिथे तो सुरुवातीला बसतो. अरबी ‘किताब’ आपल्याकडे आला तसा स्वाहिलीतही गेला. तिथे तो ‘किटाबू’ झाला आणि त्याच्या ‘कि’ला लोकांनी वर्गाचा उपसर्गच मानले. म्हणून अनेक पुस्तके म्हणजे ‘विटाबू’. शब्द परका आला, पण व्याकरणाने त्याला आपलेसे करून घेतले. स्वाहिलीत अरबी शब्द शेकड्यांनी आहेत, तरी ती अरबीची लेक ठरत नाही. शब्द बाजारात, भट्टीवर, दर्ग्यात, कचेरीत सहज उचलले जातात. विभक्तीचे प्रत्यय, क्रियापदाची रूपे आणि सर्वनामे इतक्या सहज उचलली जात नाहीत.

बांटू कुटुंबाची कडही धूसर आहे. नायजेरियातल्या टिव भाषेत नामवर्ग आहेत, शब्दांचे साम्य आहे, तरी आजचे अभ्यासक तिला खुद्द बांटूत न घालता बांटूच्या जवळच्या ‘बांटॉइड’ गटात ठेवतात. हॅरी जॉन्स्टन यांनी तर १९१९ आणि १९२२ मध्ये दोन खंडांच्या ग्रंथाच्या नावातच ‘बांटू आणि अर्ध-बांटू’ असा भेद केला होता. पुढे माल्कम गथ्री यांनी सगळ्या बांटू भाषांना अक्षर-आकड्यांचे संकेत दिले, स्वाहिलीला ‘जी ४२’, झुलूला ‘एस ४२’. पण त्यांचे विभाग मुख्यतः भूगोलावर बेतलेले होते. त्यामुळे एका अक्षराखालच्या भाषा एकमेकींच्या सगळ्यात जवळच्या असतीलच असे नाही. कातकरीच्या ‘केएफयू’कडे पाहतानाही हेच भान हवे. संकेतामुळे भाषेची नोंद होते. तिचे नाते त्यातून सिद्ध होत नाही.

आणखी एक गल्लत टाळायला हवी आणि तिचे उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेचे हे आपण शाळेत शिकतो. त्यांच्यासाठी वापरला जाणारा ‘हबशी’ हा शब्द अॅबिसिनियावरून, म्हणजे आजच्या इथिओपियावरून आला. तिथल्या अम्हारिक, ओरोमो या भाषा बांटू कुटुंबात येतच नाहीत, त्या अरबीच्या दूरच्या नात्यातल्या. पुढच्या काळात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जे लोक आणले गेले त्यांत बांटू भाषक पुष्कळ होते. गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींच्या जनुकांचा अभ्यास २०११ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. त्यात त्यांच्या आफ्रिकी पूर्वजांचे नाते बांटू भाषक समाजांशी जुळले. आज मात्र हे सिद्दी गुजराती, कोकणी, कन्नड, मराठी, उर्दू बोलतात. गुजरातच्या सिद्दींच्या ‘गोमा’ नाचात स्वाहिलीतला ‘न्गोमा’, म्हणजे ढोल, अजूनही टिकून आहे. रक्ताचे नाते एकीकडे आणि भाषेचे दुसरीकडे असे असू शकते. म्हणून ‘कातकरी मूळचे भिल्ल, तेव्हा त्यांची भाषा भिली’ असा तर्क कोणी केला तर तो टिकत नाही. माणसे कुठून आली हा एक शोध आहे, भाषा कुठून आली हा दुसरा. दोन्हींची उत्तरे स्वतंत्र पुराव्यानेच द्यावी लागतात.

मग कातकरीसारख्या, दोन्हीकडच्या खुणा अंगावर असलेल्या भाषेचे काय करायचे? टांझानियाच्या उसंबारा डोंगरात म्बुगू नावाचा समाज राहतो. त्यांची ‘मा’अ’ ही भाषा जगभरच्या अभ्यासकांना चक्रावून टाकत आली आहे. तिचे उपसर्ग आणि क्रियापदाची घडण शेजारच्या पारे या बांटू भाषेसारखी आहे, पण रोजच्या वापरातले असंख्य शब्द कुशिटिक, म्हणजे इथिओपियाकडच्या कुळातले आहेत. म्बुगू लोकांकडे बोलण्याच्या दोन तऱ्हा आहेत. व्याकरण दोन्हींत एकच, पण एकीत शब्द बांटू आणि दुसरीत त्यांचे खास स्वतःचे. एक मत असे की ही मूळची कुशिटिक भाषा आणि तिच्यात बांटू व्याकरण हळूहळू शिरले. मार्टन मौस यांनी २००३ मध्ये या भाषेवर संपूर्ण ग्रंथ लिहून उलट बाजू मांडली. त्यांच्या मते लोकांनी बांटू भाषा स्वीकारली आणि आपली वेगळी ओळख राखण्यासाठी जुन्या शब्दांचा साठा जाणीवपूर्वक सोबत ठेवला. मौस यांना हे मांडता आले, कारण त्यांच्यासमोर त्या भाषेचे पूर्ण व्याकरण आणि शब्दसंग्रह होता.

महाराष्ट्रातही असे उदाहरण घडले आहे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद भागात बोलली जाणारी निहाली ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणात कोरकूशी जोडून दाखवली होती. पुढे कोरकू, मराठी आणि द्राविडी उसनवारी बाजूला काढत गेल्यावर असा गाभा उरला जो कुठल्याच ज्ञात कुळाशी जुळत नाही. भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. आज निहाली एकाकी भाषा म्हणून जगभर ओळखली जाते. जुना शिक्का पुसता येतो, मात्र त्यासाठी कोणीतरी वस्तीत बसून ऐकावे लागते.

कातकरी आर्य भाषाकुळातली आहे, यात वाद नाही. वाद उपशाखेचा आहे आणि तो सोडवायच्या कसोट्या आपल्याला ठाऊक आहेत. ‘रामाचा’ला कोकणी ‘रामाचो’ म्हणते, गुजराती ‘रामनो’ आणि अहिराणी ‘रामना’. ‘गेला’ला कोकणीत ‘गेलो’, गुजरातीत ‘गयो’, अहिराणीत ‘गया’. षष्ठीचा ‘च’ आणि भूतकाळाचा ‘ल’ मराठी-कोकणीला एका बाजूला आणतात. पण एका खुणेवर निवाडा देता येत नाही, कारण भूतकाळी ‘ल’ दूरच्या बंगालीतही आहे. तिथेही ‘तो गेला’च्या जागी ‘गेलो’सारखेच रूप येते. म्हणून सगळी रांग तपासावी लागते: सर्वनामे, विभक्ती, तिन्ही काळ, लिंगे, नकाराची रूपे, आणि ती वेगवेगळ्या वाड्यांतून, सोन आणि ढोर या दोन्ही कातकरी गटांतून. कातकरीतला कोणता भाग जुना आणि कोणता शेजारामुळे आलेला, हे त्या रांगेतूनच कळेल.

या कामात इतिहासाने एक मोठी सोय करून ठेवली आहे. कातकरी किंवा काथोडी हे नावच खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. त्या कसबासाठी काथोडी कुटुंबे राजस्थानात उदयपूरच्या डोंगरांपर्यंत नेली गेली आणि तिथेच राहिली. गुजरातेतही काथोडी आहेत. उदयपूरच्या काथोडींभोवती मेवाडी आणि तिकडची भिली, तर कर्जतच्या कातकऱ्यांभोवती आगरी, कुणबी, ठाकरी. या दोन्ही ठिकाणच्या बोलण्यात जे व्याकरण समान सापडेल, ते बहुधा वाटा वेगळ्या होण्याआधीचे असेल. जे फक्त कर्जत-खालापुरात सापडेल, त्याबद्दल कोकणातल्या शेजाराचा संशय घ्यावा लागेल. बांटूच्या अभ्यासकांनी झुलू आणि याओ शेजारी ठेवून जे केले, तेच इथे लहान प्रमाणावर करता येईल.

पाया अगदीच नाही असे नाही. ए. एन. वेलिंग यांनी १९३४ मध्ये कातकरी समाजावर पुस्तक लिहिले. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत आपल्याच जिल्ह्यातल्या महाडच्या कुणबी बोलीचे वर्णन १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. कातकरीसाठी हवे असलेले काम कसे करायचे याचा तो वस्तुपाठ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले असून बोलण्याचे नमुने ध्वनिमुद्रित केले आहेत. कातकरी बोलीत पहिलीच्या मुलांसाठी साहित्य तयार करणारे शिक्षकही रायगडात झाले आहेत. त्यांचे काम मला विद्यापीठातल्या कामाइतकेच मोलाचे वाटते.

वेळ मात्र फार नाही. दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या होतात, कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर वेगवेगळ्या मुलखांतली माणसे, आश्रमशाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी. मुलांना या भाषा यायलाच हव्यात. पण घरची भाषा चारचौघांत बोलायची लाज वाटावी असे वातावरण आपणच, म्हणजे रस्त्याच्या अलीकडच्या लोकांनी, तयार केले आहे. ‘अडाणी बोलणे’ हा शेरा ज्या भाषेवर मारला जातो, तिच्या व्याकरणाचा एकही नियम शेरा मारणाऱ्याला सांगता येत नसतो.

कर्जत, नेरळ, खोपोलीच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. येत्या पावसाळ्यात, माणसे वाडीत असतील तेव्हा, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या वेळेचा मोबदला देऊन म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मुद्रित करा. नुसते शब्द विचारू नका, पूर्ण वाक्ये घ्या: काल काय केले, उद्या काय करणार, हे कोणाचे, ते कोणी दिले. वाडीतल्याच शिकलेल्या मुलामुलींना या कामात बरोबरीने घ्या आणि नावानिशी श्रेय द्या. मुद्रणाची एक प्रत वाडीत ठेवा, एक शाळेत आणि एक डेक्कन कॉलेजला पाठवा. आणि पुढच्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना भरला जाईल तेव्हा कातकरी माणसाने ‘कातकरी’ सांगितले तर तिथे ‘कातकरी’च लिहा.