टर्न घ्यावा तर असा!

सरळ रेषेत घोडा कुणीही पळवेल. मांड पक्की आहे की नाही, ते कळतं वळणावर!

0.17 सेकंद. पापणी लवते ना लवते, तेवढाच वेळ! टोकियो ऑलिंपिकमध्ये 4 ऑगस्ट 2021 ला शो-जंपिंगचं वैयक्तिक गोल्ड एवढ्याशा फरकाने ठरलं. जंप-ऑफला उतरलेल्या सहाही घोड्यांनी एकही दांडी पाडली नाही. मग निकाल लावला घड्याळाने. ब्रिटनचा बेन माहेर आणि त्याचा घोडा एक्स्प्लोजन डब्ल्यू : 37.85 सेकंद. स्वीडनचा पेडर फ्रेडरिकसन आणि ऑल इन : 38.02.

आता थोडं गणित करू. मिनिटाला 400 मीटर, म्हणजे ताशी 24 किलोमीटरचा वेग धरा. या वेगात 0.17 सेकंद म्हणजे एक मीटरहून किंचित जास्त अंतर. घोड्याची एक पूर्ण ढांगही नाही! पण अर्धवर्तुळाकार वळणाची त्रिज्या 10 मीटरवरून 8 वर आणली, तर सहा मीटर वाचतात, म्हणजे जवळपास एक सेकंद. थोडक्यात काय, मेडल टाच मारून नाही, वळण कापून मिळतं.

मग सगळेच का नाही कापत? कारण वेग दुप्पट झाला, की त्याच वळणावर टिकायला चौपट जोर लागतो. त्यात घोड्याचं वजन पाचशे किलोच्या घरात आणि त्यातलं साधारण 60 टक्के पुढच्या पायांवर. वळणावर तोल गेला तर घोडा घसरतो, त्याच्या पायाची शीर दुखावते आणि खाली सापडतो तो तुमचा पाय. म्हणून वीकेंडला रायडिंग शिकणाऱ्यांनी हे फंडे आधी डोक्यात फिट्ट करावेत.

नजर आधी, घोडा मागून
घाटात बाइक चालवणाऱ्यांना हे सांगायला नको. जिकडे बघाल तिकडे जाल. एक अडथळा पार होतोय तोवर नजर पुढच्यावर हवी. मान वळली की खांदे आणि कंबर आपोआप थोडी वळतात आणि घोड्याला ते पाठीवर कळतं. पण बाइकसारखं अंग आत झोकू नका हं! तुमचं वजन आत पडलं, की घोड्याचा खांदाही आत पडतो.

ब्रेक वळणाआधी
वळणात शिरल्यावर लगाम खेचणं म्हणजे उशीर झालाच. दोन-तीन ढांगा आधी ‘हाफ-हॉल्ट’ द्यायचा. पाठ ताठ करून खोल बसायचं, दोन्ही पायांनी घोड्याला हलकं धरायचं, बाहेरच्या लगामावरची बोटं क्षणभर मिटायची आणि लगेच सैल सोडायची. घोडा थांबत नाही, पण वजन मागच्या पायांवर घेतो. आता तो वळायला तयार!

आतला लगाम फक्त खूण
नवशिक्यांचा हमखास घोटाळा इथेच होतो. डावीकडे जायचंय? ओढ डावा लगाम! मग काय, मान डावीकडे आणि घोडा मात्र बाहेरच्या खांद्यावरून सरळ. आतल्या लगामाने दिशा दाखवायची, खांदा सांभाळायचा बाहेरच्या लगामाने. आतला पाय तंगापाशी, त्याच्याभोवती घोडा वाकतो. बाहेरचा पाय किंचित मागे, म्हणजे मागचा भाग फेकला जात नाही.

लीड चेक करा
कॅंटरमध्ये घोड्याच्या एका बाजूचे पाय जास्त पुढे पडतात. डाव्या वळणावर डावा लीड हवा, उजव्यावर उजवा. लीड उलटा असेल तर वळणावर घोडा अडखळतो, तुम्हालाही हिसके बसतात. तयारीचे घोडे हवेतल्या हवेत लीड बदलतात. आपण शिकाऊंनी सरळ ट्रॉटवर यावं, लीड बदलावा, मगच पुढे जावं. यात लाज कसली?

बाहेर पडताना सोडा
वळण संपत आलं की हात मऊ करा, पायाने पुढे ढकला. इथेही लगाम आवळून धरला, तर वाचवलेला वेळ गेलाच म्हणून समजा.

आणि हो, हे सगळं पहिल्याच दिवशी चौखूर पळत करायचं नाही! आधी चालत्या घोड्यावर 20 मीटरचं वर्तुळ, मग ट्रॉट, मग कॅंटर. वर्तुळ गोल जमलं की 15 मीटर, मग 10. दोन्ही बाजूंना सारखंच, कारण आपल्यासारखी घोड्यालाही एक बाजू जास्त लाडकी असते. हेल्मेट मस्ट. जमीन ओली असेल तर वर्तुळ मोठं ठेवा.

पुढच्या वेळी कोच ओरडला, की ‘हात सोड, वर बघ!’, तर रागावू नका. त्या दोन शब्दांत अर्धी विद्या आहे, बॉस!